चक्री बंद करणेबाबत

मावशीनं आमदारांना पाठवलेल्या पहिल्या निवेदनात चूक म्हणावी अशी एकच होती आणि ती अक्षराची होती. विषयाच्या ओळीत तिनं लिहिलं होतं, 'ऑनलाईन चक्री बंद करणेबाबत'. तीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं भरून तिचा हात भरभर चालतो. त्या घाईत रकाराची रेघ क च्या पोटात शिरली. आमदारांच्या संपर्क कार्यालयात ज्यानं ते वाचलं, त्याला तिथं 'चक्की' दिसली.

आमच्या भागात पिठाच्या गिरणीला चक्की म्हणतात. महिलांना चक्की देण्याची एक योजना आहे, तिचे अर्ज ऑनलाईन भरावे लागतात आणि त्या दिवसांत ते भरायची साइट अधूनमधून बंद असायची. त्यामुळे चौदा बायकांच्या सह्यांनिशी 'ऑनलाईन चक्की बंद' असं काही आलं, तर त्याचा अर्थ लावणं कार्यालयाला जड गेलं नाही. निवेदन 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' महिला व बालकल्याणच्या कचेरीत गेलं. महिन्याभरानं मावशीच्या पत्त्यावर उत्तर आलं. सर्व अर्जदार महिलांनी आधार कार्ड, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि चालू वीजबिलाची प्रत जोडावी.

मी जालन्याला एका वर्तमानपत्राच्या कार्यालयात तालुक्यांचं पान लावते. मावशीनं मला फोन केला आणि पत्र शब्दन् शब्द वाचून दाखवलं. शेवटी म्हणाली, "मी यांना जुगार बंद करा म्हणलं, हे मला दळण देऊन राह्यले."

खरा धक्का तिला पुढच्या आठवड्यात बसला. सही करणाऱ्या चौदाजणींपैकी चौघींनी तिला न सांगता कागद जोडून टाकले होते. त्यातल्या एकीला तिनं विचारलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली की बाई, तुमचं निवेदन तुमच्या जागी बराबर आहे, पण चालत आलेली चक्की परत कशाला पाठवायची. त्या चौघींपैकी एकीला पुढे चक्की मिळाली. मावशी अजूनही तिच्याकडंच दळते.

चक्री हा शब्द मात्र समजावून सांगायला हवा. काही वर्षांपूर्वी गावाच्या फाट्यावर एका टपरीत टीव्हीच्या पडद्यावर आकडे असलेलं चाक फिरायचं आणि लोक आकड्यावर पैसे लावायचे. ती चक्री. पोलिसांनी टपरी उठवली, शब्द राहिला. नंतर मोबाईलवर रमी आली, रंग ओळखायचे खेळ आले, क्रिकेटच्या टीमा आल्या. गावानं त्या सगळ्यांना चक्रीच म्हटलं. कुणी पत्ते खेळतोय की आकडा लावतोय, हा भेद गावाच्या लेखी नव्हता. माणूस मान खाली घालून बसलाय आणि विचारलेलं ऐकत नाही, म्हणजे तो चक्रीवर आहे.

मावशीच्या घरात असा माणूस होता. तिचे यजमान, ज्यांना मी काका म्हणते, एसटीत वाहक होते. चौतीस वर्षं त्यांनी जालना-मंठा, जालना-भोकरदन अशा गाड्या केल्या. ड्युटीवरून घरी आले की पाय धुऊन ओसरीवर बसायचे आणि त्या दिवसाची गाडी सांगायचे. कोण कुठं चढलं, कुणाची कोंबडी पिशवीतून निसटून सीटखाली गेली, कोणत्या नवरदेवानं वऱ्हाडाचं तिकीट काढायला खिसे चाचपले. मावशी भाकरी थापता थापता मधेच विचारायची, मंग ती बाई उतरली का. लहानपणी सुट्टीत मी तिथं असायचे, तेव्हा ही गोष्ट रोज ठरलेली असायची. त्यात काकांनी कधी काही वाढवून सांगितल्याचं मला आठवत नाही. किलोमीटरसुद्धा बरोबर असायचे.

निवृत्तीनंतर मुलीनं त्यांना नातीचं तोंड बघायला म्हणून मोठा फोन घेऊन दिला. दीडेक वर्षात ओसरीवरचं बोलणं बंद झालं.

मावशीच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं आहेत. लग्नात तिच्याबरोबर दोन शेळ्या आल्या होत्या, त्यांच्या वंशातल्या नऊ गोठ्यात होत्या. एका उन्हाळ्यात त्यांतल्या दोन कमी झाल्या. काका म्हणाले, चारा पुरत नव्हता, विकल्या. पावसाळ्याच्या तोंडाशी तिसरी गेली. ती लांडग्यानं नेली असं काका म्हणाले. मावशीनं दोन्ही वेळा काही विचारलं नाही. मेंढपाळाच्या घरात वाढलेल्या बाईला लांडगा काय करतो आणि काय करत नाही हे ठाऊक असतं.

मला तिनं हे एकदाच सांगितलं, तेही कपडे वाळत घालताना, माझ्याकडं न बघता. शेळ्यांबद्दल ती फार बोलली नाही. म्हणाली, "ड्युटीवर होते तवा रोज घरी यायचे. आता दिवसभर घरातच असतात, पण आलेत असं वाटत न्हाई."

मी विचारलं की मग तू त्यांच्याशीच का बोलत नाहीस, आमदाराकडं कशाला. ती म्हणाली की त्यांना बायकोचं सांगणं चालत नाही, परिपत्रक लागतं. यात टोमणा नव्हता. काकांनी आयुष्यभर परिपत्रकाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. सुट्टे पैसे परत करण्याचं परिपत्रक आलं तेव्हा ते खिशात रुपया-रुपयाच्या नाण्यांची पिशवी ठेवायला लागले होते. सरकारनं एकदा चक्री बंद म्हटलं की दुसऱ्या दिवशी हा माणूस फोन बाजूला ठेवेल, असा तिचा हिशेब होता. म्हणून तिला कायदा हवा होता. निवेदनात तिनं 'गावातील काही नागरिक' असं लिहिलं. ते काही नागरिक म्हणजे एक नागरिक, हे गावात कुणाला माहीत नाही असं ती धरून चालली होती.

दुसरं निवेदन मी टाईप केलं आणि तिच्याबरोबर गेले. आमदार लोकांना भेटतात त्या दिवशी कार्यालयाबाहेर पत्र्याच्या शेडखाली खुर्च्या मांडलेल्या असतात. आम्ही चारजणी होतो. आमच्या शेजारच्या खुर्च्यांवर पुण्याहून आलेले दोन तरुण बसले होते, निळ्या शर्टांत, गुळगुळीत कागदाच्या पुस्तिका मांडीवर घेऊन. ते खेळवाल्या कंपन्यांच्या बाजूनं आले होते. आमदारांनी त्यांचंही ऐकावं, एवढीच त्यांची विनंती होती. त्यांतला एक स्वभावानं मोकळा होता. आम्ही कशासाठी आलोय हे कळल्यावरही तो तोंड फिरवून बसला नाही, उलट मावशीला पुस्तिका दिली आणि समजावून सांगायला लागला की काकू, हा नशिबाचा खेळ नाही, कौशल्याचा आहे. डोकं लागतं. पत्ते लक्षात ठेवावे लागतात.

मावशीनं पुस्तिका चाळली. चित्रं चांगली आहेत म्हणाली. मग विचारलं, "म्हणजे हुशार माणसं जिंकतात?"

"हो काकू. तेच तर कौशल्य."

"आन् पैसे कोणाचे जातात? कमी हुशार माणसांचे?"

तो म्हणाला, तसंच म्हणता येईल.

"आमच्याकडं कमी हुशार माणसाला बाजारात एकटं पाठवत न्हाईत," मावशी म्हणाली. "संगं कोणीतरी जातं."

तो हसला. मावशीही हसली. तिनं पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढून दोघांना एकेक दिला, कारण ते सकाळी सहाला पुण्याहून निघाले होते. आत त्यांचा नंबर आमच्या आधी लागला.

आमदार आमच्याशी चांगले बोलले. ताई बसा म्हणाले, पाणी सांगितलं, निवेदन उभ्यानं न वाचता बसून वाचलं. पण मुद्द्याचं काम त्यांच्या स्वीय सहायकानं केलं. तो पन्नाशीचा, चष्मा कपाळावर ठेवणारा माणूस होता आणि त्याला सभागृहाचं कामकाज पाठ होतं. तो म्हणाला की मावशीच्या निवेदनात दोन अडचणी आहेत. पहिली, चक्री.

"चक्री तर आधीच बंद हाय कायद्यानं. तुम्ही चक्री लिहिलं की खातं लिहिणार, बंदी आहेच, प्रश्न मिटला. तुम्हाला म्हणायचीय रमी. तिचा वाद चालू हाय. रमी लिहा."

मावशी म्हणाली की रमी लिहिलं तर पारावर दुपारी चहावर खेळणारे म्हातारे आधी उचलले जातील, आणि त्यांतले दोघे तिच्या नात्यातले आहेत. यावर बराच वेळ गेला. शेवटी 'मोबाईलवर पैसे लावून खेळले जाणारे सर्व खेळ, स्थानिक नाव चक्री' असं ठरलं. स्थानिक नावाचा आग्रह मावशीचा होता. ते नसेल तर गावात कुणाला कळणार नाही की बंदी कशावर आली, असं ती म्हणाली.

दुसरी अडचण माणसाची होती. विधानसभेत प्रश्न टाकायचा तर तो 'हे खरे आहे काय' असा विचारला जातो. खरं काय, ते आधी द्यावं लागतं. सहायक म्हणाला, "गाव, महिना, आणि एक तरी माणूस. नाव छापून येत न्हाई, पण माझ्या फायलीत पाहिजे. उद्या वरून विचारलं कोण, तर मी काय सांगू, लोक म्हणतात?"

परतीच्या बसमध्ये बाकीच्या तिघीही एकेक नाव मनात घेऊन बसल्या होत्या, असा माझा अंदाज आहे. आमच्या धंद्यात निवेदनाच्या बातमीला नावांचा तोटा नसतो. 'निवेदनावर यांच्या सह्या आहेत' म्हणून जी यादी येते ती अनेकदा बातमीपेक्षा लांब असते, आणि एक नाव गळलं तर सकाळी फोन येतो. मागणी करणाऱ्यांची नावं हवी तेवढी मिळतात. ज्याच्यामुळे मागणी करावी लागली त्याचं नाव कुणी देत नाही.

पुढच्या रविवारी दुपारी अंगणवाडीत बैठक झाली. मावशी निवृत्त झाली असली तरी किल्ली तिच्याकडं मागायची पद्धत होती. त्या दिवशी कुलूप काढायला काका आले होते आणि बाहेर ओट्यावर बसले होते. आत दहा-बारा बायका लहान मुलांच्या सतरंज्यांवर बसल्या. मावशीनं विषय सांगितला. पहिली बाई म्हणाली, आमच्या घरी काही नाही, पण आमच्या शेजारी विचारा. शेजारीण म्हणाली, आमचे मालक तर साधा फोन वापरतात, माझ्या जावेकडं विचारा. जाऊ म्हणाली, मागच्या गल्लीत बघा. असं बोट खोलीभर फिरत फिरत पुन्हा पहिल्या बाईपाशी आलं तेव्हा सगळ्या हसल्या. पहिलीही हसली, आणि मग डोळे पुसायला लागली. नाव तिनंही घेतलं नाही.

मावशी रजिस्टर उघडून बसली होती. तिनंही त्यात काही लिहिलं नाही.

तेव्हा काका दारात आले. चपला बाहेर काढल्या, आत आले आणि मला म्हणाले, "कागद दे. समास सोडलेला."

त्यांनी लहान मुलांच्या टेबलावर वाकून स्वतः लिहिलं. गाडीत भांडण झालं, सामान हरवलं, कुणी विनातिकीट सापडलं की वाहकाला अहवाल लिहावा लागतो. काकांना लिहायची तेवढी एकच रीत माहीत होती. दहा मिनिटांनी त्यांनी कागद माझ्याकडं दिला आणि मोठ्यानं वाचायला सांगितलं. त्यांच्या परवानगीनं तो जसा होता तसा देते.

'सविनय सादर करण्यात येते की, सदर इसम (स्वतः) हा सेवानिवृत्त वाहक असून गेल्या वर्षीच्या पोळ्यापासून मोबाईलवर चक्री खेळत आहे. सदर इसमास वेळोवेळी समज देण्यात आली असता त्याने ऐकले नाही. सदर इसमाने पत्नीच्या मालकीच्या दोन शेळ्या तिला न विचारता विकल्या व चाऱ्याचे कारण सांगितले. तरी माहितीस्तव सादर.'

मग मागच्या एका म्हातारीनं विचारलं की समज कोणी दिली, बाईनं का.

"मीच," काका म्हणाले. "रोज सकाळी देत होतो."

कुणी हसलं नाही. अहवालाखाली साक्षीदाराची सही लागते म्हणून त्यांनी कागद मावशीपुढं ठेवला. तिनं तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा ती एका ओळीवर थांबली, कोणत्या ते मला दिसत होतं. मग तिनं पेन खाली ठेवलं.

"घरचा साक्षीदार चालत न्हाई," ती म्हणाली.

हा नियम आहे की नाही मला माहीत नाही. काकांनी मान डोलावली. सही मी केली. बायकांना वाटलं, बाई लाजल्या. त्या दिवशी आणखी दोघींनी आपापल्या घरची नावं मला हळूच सांगितली, पहिल्या बाईनंही सांगितलं, आणि फाईल एकदम जाड झाली. मावशी मात्र घरी जाताना काकांच्या चार पावलं पुढं चालत होती.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं म्हणणं चुकीचं ठरेल. काकांनी खेळ फोनमधून काढून टाकला, दोनदा परत घातला, परत काढला. दोन्ही वेळा त्यांनी ते मावशीला सांगितलं. पण त्यापलीकडं बोलणं वाढलं नाही. उलट अहवालानंतर ते जास्तच गप्प झाले. ओसरीवर बसायचे, फोन हातात नसायचा आणि तोंडातून शब्दही नसायचा. मावशी मला फोनवर म्हणाली, "खेळ गेला म्हणतात. मंग बोलत का न्हाईत?" उत्तर तिला ठाऊक होतं. पण ते त्यांच्या तोंडून वदवून घेणं तिला मंजूर नव्हतं, आपसूक यायला हवं होतं.

आमदारांनी प्रश्न टाकला. आमच्यासारख्या आणखी बऱ्याच गावांचे कागद त्यांच्याकडं होते, ते त्यांनी एकत्र केले. याचा परिणाम काय झाला असं लोक विचारतात, म्हणून इथंच सांगते. पुढे दिल्लीत पैशांच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा झाला, पण त्याचा आणि आमच्या निवेदनाचा संबंध जोडता येणार नाही. मी हे मावशीला स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, नसंल, पण इतक्या लोकांनी लिहिलं त्यात आपलं एक होतं, आणि आपल्याला मधल्या मधे एक चक्की मिळाली. हा विनोद ती अजून करते.

कायदा व्हायच्या बऱ्याच आधी, एका रविवारी संध्याकाळी, आमदारांच्या सहायकानं छापील उत्तराचा फोटो मला पाठवला. मी तेव्हा मावशीकडंच होते. ती ओसरीवर मेथी निवडत होती, काका खाटेवर बसले होते. मी वाचून दाखवलं. जालना जिल्ह्यातील काही गावांमध्ये मोबाईलवर पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांमुळे एका सेवानिवृत्त वाहकासह अनेक नागरिकांच्या कुटुंबांवर परिणाम झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. आणि खाली उत्तर. एक, हे अंशतः खरे आहे. दोन, बाब तपासण्यात येत आहे. तीन, प्रश्न उद्भवत नाही.

काका म्हणाले, परत वाच. मी परत वाचलं.

"अंशतः म्हणजे?"

मी सांगितलं की काही भाग खरा आहे, असा त्याचा अर्थ. पण त्यात फारसं काही नसतं. खात्यांची ती लिहिण्याची पद्धत आहे. पूर्ण खरं म्हटलं तर जबाबदारी येते, खोटं म्हटलं तर सिद्ध करावं लागतं. तालुक्याच्या पानावर अशी उत्तरं मी कितीतरी छापली आहेत.

काकांना ते पटलं नाही. ते खाटेवरून उतरून खाली बसले. त्यांच्या अहवालावर चौतीस वर्षांत असा शेरा कधी आला नव्हता, असं ते म्हणाले. डेपो मॅनेजर कितीही कडक असले तरी त्यांचा कागद आला की सही करायचे. मुंबईत बसलेल्या माणसाला कसं कळलं की यात काय खरं आणि काय नाही.

"बराबरच हाय त्यांचं," मावशी म्हणाली.

ती मेथीच्या काड्या एका बाजूला करत होती. काकांनी तिच्याकडं बघितलं.

"दोन लिहिल्या होत्या तुम्ही," ती म्हणाली.

गोठ्यात एक शेळी खाकरली. मी उठून आत जावं का, असा विचार केला, पण दोघांच्या मधून जावं लागलं असतं म्हणून बसून राहिले.

"तीन," काका म्हणाले. "तिसरी लांडग्यानं न्हाई नेली."

"मला ठाऊक हाय."

"तवापासून?"

"लांडग्याला दाव्याची गाठ सोडता येत न्हाई. आन् सोडली तरी दावं खुंटीला अडकवून जात न्हाई."

काका खाली बघून हसले. हसणं फार वेळ टिकलं नाही, त्यांनी पंचा तोंडाला लावला. मावशी मेथी निवडत राहिली, पण निवडलेल्यातलीच जुडी पुन्हा उचलून निवडत होती.

मग त्यांनी मला विचारलं की तुमच्या पेपरात आकडा चुकला तर काय करता. मी सांगितलं, दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्रक देतो. अमुक ऐवजी तमुक असे वाचावे. त्यांनी समास सोडलेला कागद मागितला आणि लिहिलं, 'पूर्वी सादर केलेल्या अहवालातील "दोन" ऐवजी "तीन" असे वाचावे. तिसरीबाबत सांगितलेले कारण चुकीचे होते.' तारीख घातली, सही केली, कागद कुणापुढं न धरता खाटेवर ठेवला.

मावशीनं हात पुसले, कागद उचलला, वाचला आणि साक्षीदाराच्या जागेवर सही केली. घरच्या साक्षीदाराचा नियम काकांनी काढला नाही. मी दुसऱ्या दिवशी तो कागद आमदारांच्या कार्यालयाच्या पत्त्यावर टपालात टाकला.

त्या संध्याकाळी मावशी परत मेथीपाशी बसली आणि विचारलं, "कुठं विकली?"

कुंभार पिंपळगावच्या बाजारात, काका म्हणाले.

"कोणाला?"

एका बाईला. लेकीच्या बाळंतपणासाठी दुधाची शेळी बघत होती. काकांनी ती बाई कशी होती ते सांगितलं, तिच्या कानातलं सांगितलं, तिच्याबरोबरचा भाऊ टेम्पोवाल्याशी भाड्यावरून कसा भांडत होता ते सांगितलं. शेळी टेम्पोत चढेना. दोघांनी ढकललं तरी पाय रोवून उभी. शेवटी काकांनी तिच्या पुढ्यात, गाडी सोडताना वाहक डबल बेल मारतो तसं, पत्र्यावर दोनदा थापटलं आणि ती चढली. हे सांगताना त्यांनी खाटेच्या लाकडावर दोनदा थापटून दाखवलं.

"मंग?" मावशी म्हणाली.

मग टेम्पो गेला. किती वाजता गेला, कोणत्या रस्त्यानं गेला, तेही त्यांनी सांगितलं. आत कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या होत्या, गॅस मी बंद केला. परत आले तेव्हा मावशीचा हात थांबलेला होता.

"ती बादलीतलं पाणी पीत न्हाई," ती म्हणाली. "परातीत द्यावं लागतं. त्या बाईला सांगितलं का?"

"सांगितलं."

"काय सांगितलं?"

"परातीत द्या म्हणलं. आन् उन्हात तापलेलं देऊ नका."

मावशीनं पुढची जुडी घेतली.

"मंग बराबर," ती म्हणाली.